बारिचारा: मातीच्या भिंती, भाजलेल्या मुंग्या

कोलंबियातल्या बारिचारा या गावाला जायचं तर आधी सान हिल गाठायचं. राजधानी बोगोता ते सान हिल हा प्रवास बसने सहा-सात तासांचा. घाटात पुढे ऊस भरलेला ट्रक लागला तर त्याहून जास्त. आमच्या पुढे तो लागलाच. पण त्याचा कंटाळा आला नाही, कारण बार्बोसा गावाच्या आसपास रस्त्याकडेला उसाचे फड आणि त्यांतून डोकावणारी धुराडी दिसायला लागली. चक्क गुऱ्हाळं! जगात सगळ्यात जास्त गूळ आपण करतो आणि आपल्यापाठोपाठ कोलंबियाचा नंबर लागतो, हे वाचून ठाऊक होतं. सुआरेस नदीचं हे खोरं म्हणजे त्यांच्या गुळाचं आगर. तिथे त्याला पानेला म्हणतात. थांब्यावर सगळे चहासारखं गुळाचं गरम पाणी पीत होते, लिंबू पिळून, आणि सोबत पांढऱ्या चीजचा तुकडा. चीज त्यात बुडवायचं आणि मऊ झालं की खायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण मी दुसरा पेला मागितला.

पुढे सोकोरो लागतं. १६ मार्च १७८१ रोजी मानुएला बेल्त्रान नावाच्या बाईने स्पॅनिश सरकारच्या नव्या करांचा जाहीरनामा इथे भर बाजारात टराटरा फाडला आणि त्यातून मोठं बंड उभं राहिलं. सान्तान्देर प्रांतातली माणसं तडकफडक बोलतात अशी ख्याती आहे, ती तेव्हापासूनची असावी. सान हिलबद्दल फार लिहीत नाही. राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंगवाल्यांचं ते गाव, गजबजलेलं. तिथून बारिचाराची छोटी बस मिळते. पाऊण तासाचा रस्ता, सगळा डोंगरांच्या अंगाखांद्यावरून, आणि माती विटकरी-पिवळी.

बारिचारा समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटरवर, एका पठाराच्या काठावर वसलंय. गाव १७०५ सालचं. सगळे रस्ते दगडी फरसबंद आणि उतारावरचे, भिंती चुन्याने पांढऱ्या, खालचा पट्टा हिरवा किंवा निळा, वर कौलं. चौकातलं कॅथेड्रल मात्र पांढरं नाही. ते इथल्याच पिवळसर दगडाचं आहे आणि संध्याकाळी उन्हात नारिंगी दिसतं. आतले उंच खांब प्रत्येकी एकाच दगडातून घडवलेत. दुपारी चौकातल्या बाकांवर दोन म्हातारे आणि एक कुत्रा, एवढीच वर्दळ. एका दारासमोर बजाजची पल्सर उभी होती. कोलंबियाभर या दुचाक्या दिसतात, तरी इतक्या लांब पुण्याचं नाव वाचून उगीचच बरं वाटतं.

गावाच्या पश्चिमेला जमीन एकदम संपते. कठड्याशी उभं राहिलं की खाली सुआरेस नदीची खोल दरी आणि पलीकडे यारिगीएस डोंगरांची रांग, निळी, एकामागे एक. उतारांवर तंबाखूची शेतं, शेळ्या, निवडुंग. झाडांवरून राखाडी दाढीसारखी एक वनस्पती लोंबते, तिला मुळंच नसतात, हवेतल्या ओलाव्यावर जगते. हा भाग मुळात कोरडा. पाण्याची ओढाताण गावाला जुनीच आहे आणि मी उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी अंघोळ आटोपती घ्यायला बजावलं होतं.

मला खरं अप्रूप भिंतींचं होतं. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, पांढऱ्या मातीच्या भिंतींचं आणि धाब्याच्या घरांचं. आजोबांच्या घराची भिंत हातभर रुंद होती आणि वैशाखात आत गारवा असायचा. बारिचाराच्या घरात पाऊल टाकलं आणि तोच गारवा अंगावर आला. पद्धत मात्र वेगळी. इथे तिला तापिया पिसादा म्हणतात. दोन बाजूंना लाकडी फळ्या उभ्या करून साचा बांधतात, त्यात किंचित ओलसर माती टाकतात आणि जड लाकडी धुम्मसाने ठोकत बसतात. थर पक्का झाला की पुढचा थर. साचा भरला की तो सोडवून शेजारी सरकवायचा. वीट नाही, सिमेंट नाही.

कॅथेड्रलच्या वरच्या बाजूच्या गल्लीत एका घराची भिंत अशी चालू होती. मी बराच वेळ बघत उभा आहे म्हटल्यावर गवंड्याने धुम्मस माझ्या हातात दिला. दहा-बारा ठोके मारले नाहीत तोच खांदे भरून आले. तो माती मुठीत दाबून, गोळा कमरेएवढ्या उंचीवरून जमिनीवर टाकून बघत होता. फुटून भुगा झाला तर माती कोरडी, चपटी होऊन चिकटली तर पाणी जास्त. चार ढेकळं झाली की बरोबर. मातीच्या घराला चांगले बूट आणि चांगली टोपी हवी, असं तो म्हणाला, म्हणजे खाली दगडाचा पाया आणि वर पुढे आलेली पागोळी. पावसाचं पाणी भिंतीला लागू दिलं नाही तर घर शेकडो वर्षं टिकतं.

‘तुमच्याकडे अशी घरं आहेत का?’ त्याने विचारलं.

‘होती. आता पाडून स्लॅब टाकतात,’ मी म्हणालो.

‘इथे पाडायची परवानगी नाही. पण माझं घर विटा-सिमेंटचंच आहे, गावाबाहेर.’

असं का, ते त्याने पुढे उलगडून सांगितलं. १९७८ साली बारिचाराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. त्याआधी बोगोता-बुकारामांगा हमरस्ता सान हिलवरून गेला आणि हे गाव बाजूला पडलं होतं. माझं मत असं की जुनी घरं वाचली ती त्यामुळेच. पाडून नवी बांधावीत इतका पैसाच कुणाकडे नव्हता. मग चित्रकार आले, कुंभारकाम करणारे आले, माजी राष्ट्राध्यक्ष बेलिसारिओ बेतांकुर यांनी इथे घर घेतलं. जुनी कसबं शिकवणारी शाळा निघाली, तिथे आज तरुण पोरं दगडकाम, सुतारकाम, मातीकाम शिकतात. हे सगळं चांगलंच. पण मातीची भिंत म्हणजे निव्वळ मजुरी आणि मजुरी महाग, त्यामुळे हौशीने मातीचं घर बांधतो तो बोगोताचा माणूस. आणि ते घर वर्षातले कितीतरी महिने बंद असतं. मी संध्याकाळी हिंडताना कुलपं मोजायला लागलो आणि थोड्या वेळाने सोडून दिलं. या गावच्या शांततेचं लोक फार कौतुक करतात. त्यातली काही बंद दारांची आहे, हे कौतुकात येत नाही.

घायपाताच्या जातीतली फिके नावाची वनस्पती इथे रानोमाळ उगवते. तिच्या तंतूंपासून हातकागद करणारा एक कारखाना गावात आहे, बायका चालवतात, जरूर बघावा. पूर्वी याच तंतूंची पोती आणि दोर व्हायचे.

आता मुंग्या. मी गेलो ते मे महिन्यात, पहिल्या पावसानंतर. पानं कापून नेणाऱ्या मुंग्यांची ही एक मोठी जात. ती पानं त्या खात नाहीत, त्यांवर बुरशी पिकवतात आणि ती खातात. पाऊस पडून ऊन निघालं की वारुळांतून पंखवाल्या राण्या बाहेर येतात, पोट अंड्यांनी टम्म फुगलेलं. तेव्हा अख्खं घर बादल्या घेऊन शिवारात पळतं, कारण राखणीच्या मुंग्या कडकडून चावतात आणि हंगाम थोडक्या आठवड्यांचा. पंख-पाय खुडायचे, मिठाच्या पाण्यात ठेवायच्या आणि तव्यावर भाजायच्या. स्पॅनिश लोक येण्याआधीपासून इथले ग्वाने लोक त्या खात आले आहेत. किंमत ऐकून मी एक चिमूटभर पुडी घेतली. कुरकुरीत, खमंग, जराशी धुरकट. वाईट अजिबात नाही. फक्त पाय नीट खुडलेले नसले की ते दातांत अडकतात.

ग्वाने हे नाव आता खालच्या एका खेड्याने जपलंय. बारिचाराहून तिथे जुनी दगडी वाट उतरते. वाट मूळची ग्वाने लोकांची. १९व्या शतकात या मुलुखात तंबाखू आणि सिंकोनाच्या सालीचा व्यापार करणाऱ्या गेओ फॉन लेंगर्के या जर्मन माणसाने अशा वाटा फरसबंद करून घेतल्या. दीड-दोन तासांचा उतार आहे. सकाळी लवकर निघालो तरी नऊच्या सुमाराला ऊन चटके द्यायला लागलं. दोन्ही बाजूंना रचीव दगडी गडगे, आणि जरा निरखून बघितलं तर त्यातल्या दगडांत शंखांची वर्तुळं. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा सगळा प्रदेश समुद्राखाली होता. ग्वानेच्या छोट्या संग्रहालयात असे हजारो जीवाश्म मांडलेत, काही मनगटी घड्याळाएवढे तर काही ट्रकच्या चाकाची आठवण करून देणारे. आणि एक जुनी ममीसुद्धा. दाखवणारी मुलगी दाराला कुलूप लावून गटागटाने आत नेते आणि सगळं एका दमात सांगते.

जेवायला बकरा. भाजलेल्या बकऱ्यासोबत त्याच्या रक्तात आणि आतड्या-काळजात शिजवलेला भात मिळतो, आणि वजडी-रक्ती आवडणाऱ्यांनी तो सोडू नये. शाकाहारी असाल तर पिवळ्या मक्याची जाड भाकरी, म्हणजे अरेपा, अंडी चालत असतील तर अंडी, भात, तळलेलं कच्चं केळं आणि अवोकाडो यांवर भागवावं लागेल. मात्र इथल्या अरेपाच्या पिठात बऱ्याचदा डुकराच्या चामडीचे तुकडे मिसळलेले असतात, तेव्हा विचारून घ्या. ग्वानेहून परतीच्या बस मोजक्याच आहेत, वेळा उतरल्या-उतरल्या चौकात विचारून ठेवाव्यात. चढ चालून परत यायचा उत्साह दुपारी दाखवू नये, आणि शनिवार-रविवार तर टाळाच, कारण तेव्हा सगळी कुलपं उघडतात आणि पार्किंगला जागा उरत नाही.