डावीकडून तिसरा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी 'घाशीराम कोतवाल' बसवायचं ठरलं. वाचन मी घाशीरामचं दिलं, मिळाली माणसांच्या भिंतीतली डावीकडून तिसरी जागा. आईला फोनवर एवढंच म्हणालो, "काम मिळालंय."

तेंडुलकरांचं हे नाटक १९७२ साली पुण्यात आलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. त्यातली ब्राह्मणांची रांग कधी पडदा होते, कधी गर्दी, कधी अख्खं पुणं. 'मानवी भिंत हे दांभिक समाजाचं प्रतीक' हे उत्तर मला तोंडपाठ होतं. पाच मार्कांचं.

तालमीत प्रतीक वगैरे नसतं, पोटऱ्या असतात. पहिला आठवडा नुसतं झुलणं. भार डाव्या पायावर, मग उजव्या. एकाचा खांदा जरा मागे राहिला तरी रांगेला भगदाड. सर ओरडायचे, "एकेकटे दिसू नका रे!"

नाना फडणवीस गौरीच्या मागे लागतो तो प्रसंग आला. गौरी घाशीरामची मुलगी. तिच्या बदल्यात तो कोतवाली मिळवतो. आम्ही तोंड प्रेक्षकांकडे करून टाळ्या वाजवत भजन म्हणायचं, नाना-गौरी आमच्या मागे. पाठ फिरवणं आम्ही एरवी सहज बोलतो. तिथे ते खरोखर करायचं होतं. मागून तिच्या पैंजणांचा आवाज यायचा, मग थांबायचा. एकदा न राहवून मी वळून पाहिलं.

"मागे काय बघतोस? भिंतीला काही माहीत नसतं," सर म्हणाले.

"माहीत असतं सर. म्हणून तर एवढ्या मोठ्यांदा म्हणतायत."

वाटलं, आता काढतायत रांगेतून. पण ते थोडा वेळ पेटीवाल्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, पैंजण थांबले की भजनाची पट्टी चढवा. पुढच्या तालमीला तसं केलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. शेवटी हीच रांग जमाव होऊन घाशीरामवर धावते, ते मग वेगळं बसवावंच लागलं नाही. हात टाळ्यांनी तापलेलेच होते.

प्रयोगात माझी शेंडी सुटली. डिंक कमी पडला होता. एका हाताने ती धरून, टाळी म्हणून मांडीवर थाप मारत मी अर्धा अंक काढला.

आई पहिल्या रांगेत होती. नंतर म्हणाली, "सगळे सारखेच रे दिसत होतात. शेंडी सांभाळायला लागलास, तेव्हा कुठे तुला ओळखलं."