लग्नाच्या तारखा आणि सातपुड्याचा उजेड

"लग्नसराईत तुमच्या तारखा भरलेल्या असतात, मग सातपुड्याचे, तापीचे फोटो काढायला वेळ कुठून आणता?" लग्नाच्या फोटोग्राफीच्या धंद्यात नव्याने आलेली पोरं मला हे विचारतात, ग्राहकही विचारतात. अमळनेरकडचे एक काका तर भेटले की अहिराणीतच सुरू करतात, "भाऊ, तुले येळ कथाईन भेटस?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

निम्मं उत्तर पंचांगातच आहे. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात ते तुळशीची लग्नं लागेपर्यंत. पुढे सगळी धावपळ, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर एकाच दिवशी वेगवेगळ्या गावांना माणसं पाठवावी लागतात. म्हणजे खानदेश हिरवा असतो नेमका तेव्हाच फोटोग्राफर मोकळा असतो. हे चार महिने आपल्यातले बरेच जण राहिलेल्या अल्बममध्ये घालवतात. अल्बम द्यावेच लागतात, ग्राहकाने विश्वासाने पैसे दिलेले असतात. पण एडिटिंग दुपारी होतं. ऊन डोक्यावर असताना डोंगराचा फोटो तसाही चांगला येत नाही, तेव्हा खुर्चीत बसावं. सकाळ मात्र अल्बमला देऊ नये.

त्यातही श्रावणातलं आभाळ सोडू नका. पश्चिमेचा बराचसा पाऊस सह्याद्रीवरच पडून जातो, आपल्याकडे तो तुटक सरींनी येतो. धुळ्याकडच्या माळावर उभं राहिलं की एका गावावर सर कोसळताना दिसते आणि शेजारच्या गावावर लख्ख ऊन असतं. तोरणमाळला सात पायऱ्यांचा घाट चढून गेलात तर ढग पायाखालच्या दरीत असतात. असा उजेड कोकणातल्या संततधारेत मिळणार नाही.

उरलेलं निम्मं उत्तर डायरीत आहे. डोंगराची तारीख मी ऑर्डरसारखी पेनाने लिहितो. त्या सकाळसाठी कुणाची चौकशी आली तर "तारीख गेली" असं सांगून ओळखीतल्या दुसऱ्या फोटोग्राफरचा नंबर देतो. "जमलं तर जाऊ" म्हणून ठेवलेली सकाळ कधीच जमत नाही. पहिलं गिऱ्हाईक आलं की ती जाते.

आणि ऐन लग्नसराईतही वेळ असतो, पण तो बघावा लागतो. आपल्याकडे मुहूर्त बहुधा दुपारचा नाहीतर गोरजाचा. हळदीला रात्री उशीर होतो, मुक्काम त्याच गावात पडतो, आणि सकाळी आठच्या आत लग्नघरात कुणालाही कॅमेरा नको असतो. डिसेंबरच्या अखेरीस जळगावकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. झोप पुरी करूनही माणूस गावाबाहेर उभा राहू शकतो. मे महिन्यात सूर्य पावणेसहालाच वर येतो आणि आभाळ धुळीने पांढुरकं असतं. तेव्हा झोपलेलं बरं, दिवसभर पंचेचाळीस अंशांत उभं राहायचं असतं. मात्र ऑर्डरची मेमरी कार्डं आणि ऑर्डरच्या बॅटऱ्या यांना हात लावायचा नाही. डोंगराचं कार्ड वेगळं.

लग्न रावेर-यावल पट्ट्यात असेल तर केळीच्या बागेच्या कडेला जा. सूर्य पानाच्या मागे येईल असे उभे राहा. मधली जाड शीर, तिच्यापासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक समांतर रेघा, वाऱ्याने चिरलेल्या पट्ट्या, खालच्या टोकाला दवाचा थेंब आणि चिरांमधून मागे निळसर सातपुडा. पान सतत हलतं, म्हणून शटरचा वेग वाढवा आणि वारा पडायची वाट बघा. वेगळी लेन्सही लागत नाही. वरमाला टिपणारी ७०-२००, म्हणजे लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स, डोंगरालाही तीच चालते, उलट फार रुंद लेन्सने सातपुडा क्षितिजावरची एक रेघ होऊन जातो.

आता दिशेचं सांगतो, कारण वेळ वाचतो तो इथेच. तापी पूर्वेकडून पश्चिमेला जाते, सातपुडा तिच्या उत्तरेला आडवा. आपण नदीकडून बघतो ती त्याची दक्षिण बाजू. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवून दिवसभर दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे सकाळी या बाजूवर तिरपा उजेड पडतो आणि एकेक सोंड, एकेक घळ सुटी दिसते. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावलीच उरत नाही आणि डोंगराची सगळी घडण पुसली जाते. एवढं ठाऊक असलं की उगाच पेट्रोल जाळावं लागत नाही.

माझं सगळ्यात जास्त मन रमतं ते नंदुरबार, दोंडाईचा, साक्री भागातल्या लांबलचक भिंतींसारख्या डोंगरांत. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांत लाव्हा घुसून थिजला, भोवतालचा खडक झिजून गेला, आणि टणक भाग असा उभा राहिला. बहुतेक भिंती साधारण पूर्व-पश्चिम धावतात. जवळ गेलात तर आडव्या भेगांनी तुटलेले काळे दगड एकावर एक बसलेले दिसतात, फटींत वाळलेलं गवत. हिवाळ्यातल्या सकाळी ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा प्रत्येक दगडाची कड उठून येते. जूनमध्ये हीच गंमत उत्तर बाजूला. तिथे एका गुराख्याने विचारलं होतं, "आठे काय शे फोटो काढाले?" स्क्रीनवर फोटो दाखवला, तर तो बराच वेळ बघत राहिला आणि पावसाळ्यात पाणी कुठल्या खिंडीतून उतरतं ते मला स्वतः नेऊन दाखवलं. ती जागा कुठल्याही नकाशावर सापडली नसती.

याचे पैसे मिळतात का, हाही प्रश्न असतोच. फारसे नाही. कधी एखादा बागायतदार नव्या घराच्या हॉलसाठी आपल्या शिवारातून दिसणाऱ्या डोंगराची मोठी प्रिंट करून नेतो, तेवढंच. तरीही मी हे काम सोडणार नाही. खानदेश म्हटलं की लोकांना ऊन आणि केळी आठवतात, आणि इकडे खडीसाठी टेकड्या फुटत चालल्यात. म्हणून हल्ली प्रत्येक फाइलच्या नावात गाव आणि तारीख लिहितो, कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं तेही लिहितो. पुढे कुणाला त्याच जागी उभं राहून तोच डोंगर पुन्हा टिपायचा असला, तर त्याला शोधत बसायला लागू नये.