हिशेबनीस सरांचा तास

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हटलं की बहुतेकजण मैदान, स्नेहसंमेलन आणि गेटबाहेरच्या बोरं-चिंचांवर लिहितात. ते लिहिणारे या अंकात भरपूर असतील, म्हणून मी मराठीच्या तासाबद्दल लिहितो.

आमच्या मराठीच्या सरांना पोरं ‘हिशेबनीस’ म्हणायची. गणिताशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण धडा कुठलाही असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “या घरात पैसा येतो कुठून?” कथेत पहाट व्हायची, अंगणात सडा-रांगोळी व्हायची, घरचे कर्ते चहा घेत पेपर उघडायचे. सर थांबायचे. सडा कोणी टाकला? तिला महिन्याचे किती मिळतात? तिला नाव दिलंय का लेखकाने? वर्ग हसायचा. परीक्षेला यातलं काही येत नसे, त्यामुळे हुशार पोरं वही मिटून बसत. मी हुशार नव्हतो, म्हणून ऐकलं.

तुकोबांचा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. १६३०-३२ चा दुष्काळ, बुडालेलं दुकान, घरातली उपासमार, हे त्यांनी पाच मिनिटांत उरकलं. मग आले कर्जखतांवर. घरात पिढीजात महाजनकी, लोकांना दिलेल्या कर्जाची खतं होती. तुकोबांनी निम्मी खतं धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा सांगते. पुस्तकात याखाली ‘वैराग्य’ असं छापलेलं असतं. सर म्हणाले, “वैराग्य तुकोबांचं. ज्याचं खत बुडालं, त्या कुणब्याच्या घरी त्या रात्री काय झालं असेल ते दहा ओळींत लिहा.” आम्ही आनंदाने लिहिलं. वह्या तपासून झाल्यावर दुसरा प्रश्न आला. “आता कान्होबाच्या ढिगात ज्याचं खत गेलं, त्याच्या घरचं लिहा.”

मी पुढे आयुष्यभर बँकेच्या कर्ज खात्यात काढलं. कर्जमाफीची यादी लागली, की एकाच गावातली एकाच पिकाची दोन घरं, एक यादीत आणि एक यादीबाहेर, अशी माझ्या टेबलासमोर उभी असत. सरांचा तो दुसरा प्रश्न मला कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात इतक्या नीट मांडलेला सापडला नाही.

हे सगळं त्यांनी आणलं कुठून, ते फार नंतर कळलं. ते शरच्चंद्र मुक्तिबोधांचे विद्यार्थी. मुक्तिबोध नागपूर महाविद्यालयात शिकवायचे. थोरले बंधू गजानन माधव हिंदीत कवी, हे मराठीत. (दोघांचा पत्ता काही वर्षं नागपूरच होता, पण आपल्या शहराला याचा म्हणावा तसा अभिमान नाही. संत्र्यांचा आहे.) मराठीत मार्क्सवादी नजरेने साहित्य वाचायची सुरुवात त्याआधीच झाली होती, लालजी पेंडसे यांचं ‘साहित्य आणि समाजजीवन’ १९३५ चं. उत्पादन कोण करतं, मालकी कोणाची, यावर समाजाचा पाया उभा असतो आणि कायदा, धर्म, कला हा त्यावरचा इमला, हे त्या विचाराचं मूळ सूत्र. पण सूत्र हातात आलं, की माणूस कवितेऐवजी कवीचा पक्ष तपासू लागतो. मुक्तिबोध मार्क्सवादी असूनही साहित्याचं मूल्य मोजताना ‘मानुषता’ मधोमध ठेवत, आणि सरांनी तेवढं पक्कं उचललं होतं. वर्गात कोणी घोषणाबाज कविता वाचली, तर ते म्हणत, “मोर्चात छान वाटेल. इथे बसून वाचायला आणखी काही आहे का?”

दहावीत त्यांनी मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’बद्दल सांगितलं. मुंबईच्या गिरणी कामगारांवरची कादंबरी. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो. आम्हाला मिल नवी नव्हती. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलचा भोंगा गांधीसागरच्या अल्याडपल्याड सगळ्यांना ऐकू यायचा, आणि वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी कोणी ना कोणी कुठल्या ना कुठल्या मिलमध्ये होतं. सर रंगात आले होते: कामगाराला जात नसते, मालकापुढे सगळे सारखे. तेवढ्यात मागच्या बाकावरून इंदोरा वस्तीतला आमचा मित्र उठला. “सर, तो धोटा माह्या आज्याले हात लावू देत नव्हते.”

वर्ग गप्प. कोण देत नव्हतं, सरांनी विचारलं. “मालक नाही सर. संगं काम करणारेच.”

मित्राने सांगितलं ते असं. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. ज्याचा स्पर्श चालत नाही त्याचं उष्टं कसं चालेल? म्हणून जास्त मजुरीचं विणकाम खातं त्याच्या आज्याला बंद, आणि जन्म सगळा सूत खात्यात. मुंबईच्या गिरण्यांतही तेच होतं, आणि १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. सरांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण त्या दिवशी त्यांनी खडू ठेवला आणि उरलेला तास मित्रालाच बोलू दिलं. पुढे त्यांच्या प्रश्नांत एकाची भर पडली: पैसा कुठून येतो, आणि पाणी कोण कोणाच्या हातचं पितं?

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक आलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. एलकुंचवार आपल्या नागपूरचे, त्यामुळे चर्चा घरोघरी. बहुतेकांना त्यात वाडा पडल्याचं दुःख दिसलं. सरांनी मला घरी बोलावून त्यातल्या ट्रॅक्टरवर तासभर घेतलं. बाप गेलाय, तेराव्याचा खर्च कसा भागवायचा याची कुतरओढ आहे, आणि अंगणात ट्रॅक्टर गंजतोय. जमीनदारी मोडली, हाताने राबायची सवय नाही, नवं यंत्र आणलं तर ते चालत नाही. मार्क्सचा सहकारी एंगेल्सने १८८८ च्या एका पत्रात फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकबद्दल लिहिलंय, की सहानुभूती सरदारांकडे असूनही त्यांचं बुडणं त्याने खरं दाखवलं. सरांच्या मते एलकुंचवारांचं तसंच. वाड्यावर माया आहे म्हणूनच भेगा इतक्या बारकाईने दिसल्या. मला वसुलीला गेल्यावर पाहिलेली अंगणं आठवली. बंद ट्रॅक्टरची बॅटरी सगळ्यात आधी जाते, मग टायर. नाटकातल्या वहिनींनी रात्री सगळे दागिने अंगावर घालण्याचा प्रसंग मात्र सरांच्या हिशेबात बसत नव्हता. “तिथे मी फक्त बघतो,” म्हणाले.

सर आता नाहीत. इंदोऱ्याचा मित्र आणि मी दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर भेटतो आणि तोच वाद पुढे नेतो. त्याचं म्हणणं, मार्क्सपर्यंत जायच्या आधी पोरांच्या हातात फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ द्या. कुणब्याला धर्माच्या नावाने कोण लुटतं आणि सरकारी कचेरीत कोण, हे १८८३ सालीच एकत्र लिहून ठेवलंय. माझं म्हणणं, चौदा वर्षांच्या पोराला आधी गोष्ट द्या: अण्णाभाऊ द्या, बाबूराव बागूल द्या, हिशेब तो आपला आपण मांडेल.

महोत्सवानिमित्त आमच्या बॅचने शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तकं द्यायचं ठरवलंय. यादी अजून पक्की नाही, कारण वरचं भांडण मिटलेलं नाही. बहुधा दोन्ही गठ्ठे येतील. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती की कपाटाला कुलूप लावू नये, आणि लावलंच तर किल्ली मागच्या बाकावरच्या कोणाकडे तरी द्यावी.