पिसं दिली की चोच येतेच

शनिवारी विज्ञानकथेच्या कार्यशाळेत परग्रहावरचा प्राणी लिहायला दिला. पृथ्वीवर नसलेला हवा, एवढीच अट. पंधरा मिनिटांनी वह्या वाचल्या. कातडी जांभळी, डोळे तीन, कुठे सात. पण डोळे डोक्यावरच, तोंड त्यांच्या खाली आणि डावी-उजवी बाजू सारखी.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस वॉर्ड यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. प्राण्याला पिसं आहेत असं आधी सांगितलं, की लोक पंख आणि चोचही काढत. खवले सांगितले, की पर आणि कल्ले. मन हाताशी असलेला पक्षी किंवा मासा उचलतं आणि त्यात एखादा तपशील बदलतं. म्हणून ‘आणखी वेगळं लिहा’ म्हणून भागत नाही. फक्त डोळे वाढतात. नमुना वाचून दाखवणं त्याहून वाईट, कारण त्यातले अवयव सगळ्यांच्या वह्यांत उतरतात.

दुसऱ्या फेरीत फळ्यावर शनीचा चंद्र टायटन मांडला: गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे एक सप्तमांश, हवेचा दाब जवळपास दीडपट, तापमान उणे १७९ अंश सेल्सिअस, तळी मिथेनची, वर नारिंगी धुकं. एवढंच. याहून जास्त माहिती दिली की कथेचा निबंध होतो. अवयवांची नावं लिहायला बंदी घातली. ऊर्जा कुठून मिळते? धोका कसा कळतो? हलायची गरज आहे का? आधी या प्रश्नांची उत्तरं, मग आकार.

बँकेत काम करणाऱ्या एका ताईंनी थंडीचा धागा पकडला. इतक्या थंडीत रासायनिक क्रिया अतिशय मंद होतील, म्हणून त्यांच्या जीवांच्या भांडणात एक वाक्य पुरं व्हायला अख्खा ऋतू लागतो. टायटनवरचा ऋतू आपल्या सात वर्षांहून मोठा! ही कल्पनाही माहितीतूनच आली, पण तयार प्राण्यातून नव्हे, त्यामागच्या कारणातून. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

भांडणाचं कारण त्यांनी दोन भावांमधली वाटणी ठेवलं होतं. ‘हेही बदलू का?’ त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. देह, काळ, भाषा सगळंच अनोळखी झालं तर वाचकाला कथेत शिरायला वाट उरत नाही. त्याऐवजी धाकट्याचं उत्तर येईपर्यंत वाटणीचं तळंच आटलं तर काय, तेवढं लिहून आणायला सांगितलं.