सातारा–कास–बामणोली: तापमानाचा काटा आणि विनाकारण उघडलेला रेडिएटर

बामणोलीहून परतताना कोयनेच्या जलाशयापासून कास पठारापर्यंत पाचशे मीटरांहून अधिक चढावे लागते, आणि जुन्या डिझेल जीपची या मार्गावरची खरी परीक्षा इथेच होते. त्या मानाने जातानाचा यवतेश्वर घाट सोपा आहे. जलाशयातला बोटीचा प्रवास व वासोटा किल्ल्याची चढाई व्यवस्थित झाली. अडचण आली ती परतीच्या संध्याकाळी.

पठाराजवळ धुके दाटले म्हणून हेडलाइट लावले आणि त्याच क्षणी इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरून थेट लाल पट्ट्यात गेला. गाडी सपाटीवर कडेला घेऊन पाहिले, तर वाफ नव्हती, कुलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) वास नव्हता आणि बाटलीतील पातळीही जागेवर होती. शिवाय एवढा चढ चढून आल्यावर टाकीत डिझेल वाढले आहे, असे दुसरा काटा दाखवत होता. दिवे बंद करताच दोन्ही काटे खाली आले.

हे सर्व मी साताऱ्यातील एका गॅरेजमध्ये नीट सांगितले. तरीही तापमानाचा काटा तपासण्याआधीच हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधले सील) गेल्याची भीती घालण्यात आली, रेडिएटर उतरवून धुतला गेला, थर्मोस्टॅट (कुलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारी झडप) बदलला गेला आणि साडेसात हजार रुपयांचे बिल हाती पडले. पुढच्या संध्याकाळी यवतेश्वरच्या चढावर दिवे लावले आणि काटा पुन्हा लाल पट्ट्यात! ही सरळसरळ लूट आहे, आणि तिचा मला अजूनही संताप येतो.

दोष अखेर एका वायरमनने शोधला. मीटरच्या अर्थिंगची, म्हणजे वीजप्रवाह परत नेणारी, वायर डॅशबोर्डखाली ज्या स्क्रूने बॉडीला जोडलेली असते, तो गंजला होता. दिव्यांचा प्रवाहही त्याच वाटेने परतत असल्यामुळे दिवे लावताच तिथला व्होल्टेज वाढे आणि दोन्ही काटे खोटे वाचन दाखवत. जागा घासून नवी वायर लावण्याचे त्याने तीनशे रुपये घेतले.

म्हणून काटा वर गेला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून आधी दिवे, वायपर व ब्लोअर बंद करून पाहावे. दोन्ही काटे एकदम उतरले, तर अर्थिंग तपासून घ्यावे. फक्त तापमानाचाच काटा वर राहिला, तर इंजिन बंद करून चावी चालू ठेवावी आणि इंजिनावरील तापमानाच्या सेन्सरची वायर काढावी. बहुतेक जुन्या गाड्यांत काटा थंड बाजूला जायला हवा. तो वरच राहिला, तर वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे किंवा मीटर बिघडला आहे. तो खाली गेला, तर सेन्सर खराब आहे किंवा इंजिन खरोखरच तापले आहे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.

उलट प्रकार अधिक घातक आहे: पाणी गळून सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन तापत असूनही काटा थंड दाखवू शकतो. त्यामुळे बामणोली सोडण्यापूर्वी, इंजिन थंड असतानाच, पाण्याची पातळी डोळ्यांनी पाहावी. यवतेश्वरच्या पुढे मला भरवशाचे गॅरेज दिसले नाही. मल्टिमीटर, वायरचा तुकडा, सँडपेपर आणि पाण्याचा कॅन साताऱ्यातूनच सोबत घ्यावा, आणि डिझेलही तिथेच भरावे.