तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुण्यांना किड्रनला का नेते?

भारतातून कुणी आलं की मी त्यांना अमेरिकेतल्या किड्रन गावच्या, विजेशिवाय चालणाऱ्या वस्तूंच्या दुकानात घेऊन जाते. नायगारा नंतर. आणि प्रत्येक जण विचारतोच, "इतक्या लांब येऊन कंदील आणि बिडाचे तवे काय बघायचे? आपल्याकडे आजीच्या माळ्यावर होतेच की." प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला माझ्या बाबांमुळे मिळालं.

आम्ही ओहायोत अ‍ॅक्रनजवळ राहतो. तिथून दक्षिणेला गाडीने तासाभराच्या आत आमिश मुलूख सुरू होतो. आमिश म्हणजे धर्मश्रद्धेने जुन्या, साध्या पद्धतीने राहणारा एक ख्रिस्ती पंथ. होम्स काउंटी आणि तिच्या आसपास मिळून 35,000 हून जास्त आमिश लोक राहतात. रस्त्याच्या कडेने काळ्या घोडागाड्या चाललेल्या असतात, अंगणातल्या लांबच लांब दोरीवर एका रंगाचे कपडे वाळत असतात. किड्रन हे तिथलं लहानसं गाव. 1955 साली जे (Jay) लेहमन नावाच्या गृहस्थांनी इथे हार्डवेअरचं दुकान घेतलं, ते शेजारच्या आमिश घरांना विजेशिवाय चालणाऱ्या वस्तू मिळत राहाव्यात म्हणून. तोवर अमेरिकेच्या खेड्यांत वीज पोचली होती आणि अशा वस्तू बाजारातून नाहीशा होत चालल्या होत्या. पुढे 1973 च्या तेलटंचाईत आमिश नसलेले लोकही लाकडाच्या शेगड्या शोधत इथे आले, 1999 च्या अखेरीस संगणक बंद पडतील या धास्तीने आणखी आले. दुकान वाढत गेलं. एका दालनातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात शिरत राहायचं. बाहेर पडेपर्यंत अर्धा दिवस जातो. रविवारी मात्र बंद.

आमिश लोकांना यंत्रांचा तिटकारा आहे असं आपण समजतो, मीही समजत होते. तसं नाही. नवी वस्तू आली की ती घरात घेतल्याने कुटुंबाचं आणि शेजाराचं काय होईल, याचा त्यांची मंडळी आपापल्या गटात विचार करतात. म्हणून पुष्कळ घरांत गॅसवर चालणारा फ्रिज असतो, पण बाहेरून विजेची तार येत नाही. दुसऱ्याच्या मोटारीत बसायला हरकत नाही, स्वतःची घ्यायची नाही. प्रत्येक गटाचे नियम वेगळे. काही गट फार कडक.

बाबा दापोली तालुक्यातल्या खेड्यात वाढले. घरात वीज आली तेव्हा ते नववीत होते. 2019 च्या शरदात ते आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना तिकडे नेलं. दिव्यांच्या दालनात ते शिरले आणि थांबलेच. वाती रुंदीप्रमाणे लावून ठेवलेल्या, कंदिलाच्या काचा आकाराप्रमाणे, बर्नर सुटे, किल्ल्या सुट्या. बाबा म्हणाले, "आमच्याकडे काच फुटली की दापोलीला कुणी जाईपर्यंत अंधार."

लहानपणी रोज तिन्हीसांजेला काचा पुसायचं काम त्यांचं होतं, कारण घरात त्यांचाच हात काचेत मावायचा. चुलीतली राख, मऊ फडकं, मग कोरडं फडकं. तिथल्या वयस्कर विक्रेत्याला त्यांनी वात हातात धरून दाखवलं: सरळ कापायची आणि दोन्ही कोपरे किंचित उडवायचे, म्हणजे ज्योतीला शिंगं फुटत नाहीत आणि काच काजळत नाही. मी मधे इंग्रजी करायला उभी होते, पण गरज पडली नाही. त्या गृहस्थांनी स्वतःच्या खिशातली छोटी कात्री काढली आणि तस्संच कापून दाखवलं.

मग शेगड्या. ओतीव लोखंडाच्या, बंद झाकणांच्या, पोटात भट्टी, बाजूला पाणी तापवायची टाकी, आणि मागून छतापार जाणारं धुराडं. बाबा एका शेगडीभोवती दोनदा फिरले. झाकण उचललं, धूर कुठून जातो ते वाकून पाहिलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आईचे डोळे धुराने गेले गं. वीज नव्हती म्हणून नाही. नुसतं एक धुराडं असतं तरी पुरलं असतं."

मी त्या दुकानात आधी चारेकदा गेले होते, आणि दर वेळी मला "आपल्याकडचे जुने दिवस" आठवून बरं वाटायचं. त्या दिवसानंतर तसं वाटत नाही. तीन दगडांची चूल आणि विजेची शेगडी यांच्या मधे चांगल्या, विचार करून घडवलेल्या, दुरुस्त करता येणाऱ्या वस्तूंचं एक अख्खं जग होतं, आणि ते माझ्या आजीपर्यंत कधी पोचलंच नाही. आमिश बाई वीज नाकारते तेव्हा तिच्या हाताशी हँडल फिरवून लोणी काढायची बरणी असते, कपडे पिळायचे रूळ असतात, धूर बाहेर टाकणारी शेगडी असते. आजीला नाकारायला काही नव्हतंच. पाहुण्यांना मला हे दाखवायचं असतं, आणि ते बोलून दाखवता येत नाही. त्या शेगडीचं जड झाकण हातात घ्यावं लागतं.

(तिकडे गेलात तर एक पाळा: आमिश माणसांचे फोटो काढू नका. त्यांना ते चालत नाही.)

बाबांनी त्या दिवशी चार वाती घेतल्या, बाकी काही नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि आमच्या गावातले विजेचे खांब आडवे झाले. वीज यायला कित्येक दिवस लागले. फोन लागला तेव्हा बाबांनी सांगितलं, माळ्यावरचा कंदील काढला, शेजारून बाटलीभर रॉकेल मिळालं, किड्रनची वात थोडी रुंद होती ती कडेने कापून बसवली. "कोपरे उडवलेत ना?" मी विचारलं. म्हणाले, "ते काय विचारायचं."