बर्कच्या बागेतलं सोवळं

एडमंड बर्क मी कॉलेजात बावीस वर्षं शिकवला. जन्म डब्लिन, १७२९. ब्रिस्टलचा खासदार. १७९० साली फ्रेंच राज्यक्रांतीवर झोड उठवणारं पुस्तक. पुराणमतवादाचा जनक. मुलं उतरवून घ्यायची, मी सांगून मोकळी. हा माणूस मला खरा भेटला तो निवृत्तीनंतर, आणि तोही आपल्या राघोबादादांमुळे.

पेशवाईच्या आशेने इंग्रजांच्या वळचणीला गेलेल्या दादांनी १७८१ साली लंडनला वकील पाठवले होते. हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि त्याच्यासोबत पारशी बापलेक. परमुलखात हणमंतरावाच्या सोवळ्याचे हाल. बर्कने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचेचं हरितगृह मोकळं करून दिलं. इथे स्वतःच्या हाताने रांधा, तुमचे आचार पाळा.

वाचताना मला आजी आठवली. उंच दांडीवरचं लुगडं काठीने काढणारी, चुलीपाशी कुणाची सावलीही न खपणारी. तिला लंडनला नेऊन ठेवलं असतं तर?

बर्कचं म्हणणं होतं, समाज ही जिवंत, मेलेल्या आणि अजून जन्मायच्या माणसांची भागीदारी. जुनं घर गळतं म्हणून पाडू नका, डागडुजी करा. (बदलाची सोय नसलेलं राज्य टिकतही नाही, हेही त्याच पुस्तकात आहे. ते आम्ही नोट्समध्ये कधी घातलं नाही.) फ्रान्सला लावलेला हा न्याय त्याने हिंदुस्थानलाही लावला. इथल्या लोकांचे कायदे, धर्म, राजघराणी जुनी आहेत, ईस्ट इंडिया कंपनीने ती लुटावीत हा कुठला अधिकार? प्रदेश बदलला म्हणून नीती बदलत नाही, असं म्हणत त्याने कंपनीचा बंगालमधला माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर महाभियोग चालवला. १७८८ ते १७९५. हेस्टिंग्ज सुटला. दोन वर्षांनी बर्क गेला.

इतका आवडला, तरी एका जागी मी अडते. दर महिन्याला चार दिवस आजी मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसवायची. भागीदारीच म्हणायची तर त्या कागदावर माझी सही कुणी घेतली होती? पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण म्हणून बर्क ज्यापुढे मान तुकवतो, त्यात हेही आलंच.

आणि ज्या आचारासाठी इंग्लंडात काचेच्या घरात चूल पेटली, त्यानेच परत आलेल्या हणमंतरावाला समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त घ्यायला लावलं.